हप्ता थकला म्हणून

बिरवाडीच्या आसपासच्या एखाद्या वाडीत भर दुपारी मोटारसायकल थांबते. पाठीला बॅगा लावलेले दोघे उतरतात आणि पहिल्याच ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्याला मोठ्यानं विचारतात, "अमक्या बाई इथंच राहतात ना? चार हप्ते थकलेत त्यांचे." घर त्यांना ठाऊक असतं, कर्ज देताना त्यांच्याच कंपनीचा माणूस या घराचा फोटो काढून गेलेला असतो. तरी विचारायचं ते शेजाऱ्याला, कारण त्या एका प्रश्नानं काम होतं. संध्याकाळच्या आत गोष्ट वाडीभर होते, मुंबईच्या दिराला फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी कानातलं महाडच्या सोनाराकडे पोचतं. हप्ता भरला जातो. या सगळ्यात रिझर्व्ह बँकेचा नियम सरळ मोडला गेला, हे त्या बाईला कुणीच सांगत नाही.

रायगड जिल्ह्यातल्या महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात कर्ज का साचतं, हे समजायला फार खोल जावं लागत नाही. भात वर्षातून एकदाच हाती येतं. महाड एमआयडीसीतली बरीच कामं ठेकेदाराकडची; आज आहेत, पुढच्या महिन्याचा भरवसा नाही. घरातला एखादा मुंबईला असतो, त्याचे पैसे कधी महिन्याला येतात, कधी थेट गणपतीला. हप्ता मात्र ठरलेल्या वारीच मागितला जातो. मग गटाच्या कर्जाचा हप्ता भरायला पतसंस्थेतून उचल, तिथलं फेडायला सोनं, आणि मुलाच्या फीसाठी मोबाइलवरच्या ॲपमधून पाच हजार. लोक या सगळ्यांना सरसकट 'फायनान्सवाले' म्हणतात. घोटाळा इथंच होतो. बँक, मायक्रोफायनान्स कंपनी, पतसंस्था, सावकार आणि ॲप यांना लागू असलेले नियम वेगवेगळे आहेत, तक्रारीची दारंही वेगळी आहेत. म्हणून तगादा सुरू झाला की सगळ्यात आधी जुने कागद काढून पैसे नेमके कुणाचे, हे शोधायचं.

गावात सर्वांत जास्त दिसतं ते गटाचं कर्ज. बायकांचा गट, ठरलेल्या दिवशी एकीच्या ओटीवर मीटिंग, आणि वसुलीला येणारे सर किंवा मॅडम. अशा कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेनं 14 मार्च 2022 रोजी सविस्तर निर्देश काढले आणि ते 1 एप्रिल 2022 पासून लागू झाले. वर्षाला 3 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स कर्ज, अशी त्यात व्याख्या आहे. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, हे पाहण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर टाकलेली आहे. महिन्याला 16,000 रुपये येणाऱ्या घरावर 8,000 रुपयांचे हप्ते आधीच असतील, तर आणखी एक कर्ज देणारी कंपनीच नियम मोडते. वसुलीच्या वेळी "तुम्हीच घेतलंत ना?" असं दरडावणाऱ्याला हे विचारायला हरकत नाही की देताना तुम्ही काय तपासलं होतं.

वसुलीची जागा दोघांच्या संमतीनं ठरलेली असली पाहिजे. त्या ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आली नाही, तरच कंपनीच्या माणसाला तिच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाता येतं. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करणं, सारखे फोन करत राहणं, शिवीगाळ, धमकी, नातेवाईक, मैत्रिणी किंवा सोबतच्या कामगारांना त्रास देणं, थकबाकीदाराचं नाव जाहीर करणं, किती देणं आहे आणि न दिल्यास काय होईल याबद्दल खोटं सांगणं, हे सगळं निर्देशांत जाच म्हणून नोंदवलेलं आहे आणि त्यावर बंदी आहे. लोन कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पोच मिळाली पाहिजे, आणि दंड लावायचा तर थकलेल्या रकमेवर लावायचा, अख्ख्या कर्जावर नाही.

मीटिंगमध्ये घडणारी एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगायला हवी. एकीचा हप्ता आला नाही तर बाकीच्यांना उठू द्यायचं नाही, ही रीत अनेक ठिकाणी पडून गेली आहे. स्वयंपाक राहतो, गुरं सोडायची राहतात आणि राग निघतो तो कंपनीवर नव्हे, गैरहजर बाईवर. गटानं एकमेकींची जबाबदारी घेतल्याचा कागद सह्या करून दिलेला असेल, तर पैशांची मागणी गटाकडे होऊ शकते. पण कुणाला अडवून ठेवण्याचा अधिकार त्या कागदातून मिळत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 आणि 127 खाली माणसाला बेकायदा अडवणं आणि डांबून ठेवणं हे गुन्हे आहेत, आणि ते करणाऱ्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असलं तरी गुन्हेच राहतात.

तगाद्याची ही पद्धत जुनी आहे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं 1819 मध्ये जो अहवाल दिला, त्यात तिचं वर्णन सापडतं. ऋणको आपल्या बरोबरीचा किंवा खालचा असेल तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, उन्हात बसवून ठेवत असे. ऋणको वरचढ असेल तर त्याच्या उंबऱ्यावर आडवं पडायचं, वाट अडवायची, दारासमोर ओरडायचं, नाहीतर हे करायला माणसं नेमायची. नेमलेली माणसं तेव्हाही होतीच. पुढे 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जखतं जाळली, उठाव आजूबाजूच्या भागांत पसरला, आणि सरकारला 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा करावा लागला. पैशांच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं त्या कायद्यानं थांबवलं. तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी होता. घाटाखालच्या तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याला त्याचा दिलासा तेव्हा मिळाला नाही.

आता बँका आणि मोठ्या फायनान्स कंपन्यांकडे वळू. त्यांच्या वसुली एजंटांसाठी रिझर्व्ह बँकेनं 24 एप्रिल 2008 रोजी नियम घालून दिले आणि 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानं ते आणखी आवळले. मायक्रोफायनान्स सोडून इतर कर्जांसाठी फोनची वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात. वसुली कोणत्या एजन्सीकडे दिली आहे हे बँकेनं कर्जदाराला आधी कळवायचं. दारात येणाऱ्या एजंटाकडे ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत असली पाहिजे. कर्जदाराची तक्रार प्रलंबित असेल तर ती निकाली निघेपर्यंत ते प्रकरण एजन्सीकडे पाठवायचं नाही. तक्रार निव्वळ वेळकाढूपणाची आहे अशी बँकेची खात्री असेल तर गोष्ट वेगळी. सर्वांत मोलाचं म्हणजे एजंटाच्या वागण्याची जबाबदारी बँकेची. "ती माणसं आमची नाहीत, एजन्सीची आहेत" हे शाखेतून मिळणारं उत्तर नियमात बसत नाही.

ही जबाबदारी कागदावरच राहिलेली नाही. एजंटांच्या जाचाला आळा घालण्यात कमी पडल्याबद्दल 5 जानेवारी 2021 रोजी रिझर्व्ह बँकेनं पुण्याच्या बजाज फायनान्सला 2.50 कोटी रुपयांचा दंड केला. कोल्हापुरात 1943 मध्ये रत्नाकर बँक म्हणून सुरू झालेल्या आजच्या आरबीएल बँकेला मार्च 2023 मध्ये 2.27 कोटींचा दंड झाला. त्यात इतर त्रुटींबरोबर वसुली एजंटांबाबतचे नियम न पाळल्याचाही ठपका होता. झारखंडच्या हजारीबाग जिल्ह्यात सप्टेंबर 2022 मध्ये वसुलीसाठी आलेल्यांनी ट्रॅक्टर ओढून नेताना एक गरोदर तरुणी चाकाखाली सापडून मरण पावली. त्यानंतर 22 सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेनं महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या एजन्सींकरवी वसुली करण्यास मनाई केली. ती पुढच्या जानेवारीत उठली. दंडाच्या या कोटींतलं कर्जदाराच्या हाती काही पडत नाही, हे खरंच. तरी अशी कारवाई होते ती साचत गेलेल्या तक्रारींवरून आणि तपासणीतून. लेखी न दिलेली तक्रार त्या हिशेबात कधीच येत नाही.

बिरवाडी-महाड रस्त्यावर मिनीडोर चालवणाऱ्याला सर्वांत मोठी भीती असते गाडी ओढून नेण्याची. नाक्यावर प्रवासी भरत असताना चौघे येतात, किल्ली काढून घेतात, प्रवाशांना उतरवतात. करारात गाडी ताब्यात घेण्याचं कलम असतं आणि ते वैध असू शकतं. पण त्याच करारात ताबा घेण्याआधी किती दिवसांची नोटीस, ती केव्हा टाळता येईल, ताबा कसा घेणार, विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी देणार, गाडी परत कशी मिळणार आणि लिलाव कसा होणार, हे सगळं लिहिलेलं असलंच पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेची आचारसंहिता सांगते. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2007 मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या वाहनकर्जाच्या प्रकरणात, गुंडांकरवी जबरदस्तीनं वाहन काढून घेण्यावर कडक ताशेरे ओढले. वसुली कायद्याच्या मार्गानंच व्हावी, असं बजावलं. म्हणून गाडी नेणारे आले तर हाणामारी करू नये. अधिकारपत्र आणि नोटीस मागावी, व्हिडिओ करावा, गाडीतल्या सामानाची यादी लिहून सही घ्यावी आणि 112 वर फोन करावा.

"पोलीस उचलून नेतील" ही धमकी सर्रास दिली जाते. कर्ज न फिटणं हा दिवाणी मामला आहे. त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत, वसुलीही करत नाहीत. न्यायालयानं हुकूमनामा दिला तरी पैशांच्या हुकूमनाम्यापोटी बाईला अटक करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 56 तसं स्पष्ट सांगतं. सावध राहायचं ते दोन बाबतींत. दिलेला चेक परत गेला तर 1881 च्या पराक्राम्य संलेख कायद्याचं कलम 138 लागतं आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नसल्यानं परत गेला तर 2007 च्या एका कायद्यात जवळपास तशीच तरतूद आहे. न्यायालयाची खरी नोटीस किंवा समन्स आलं तर घाबरून घरात दडवून ठेवू नये. तारखेला हजर राहावं.

त्याच दिवाणी संहितेचं कलम 60 प्रत्येक वाडीत वाचून दाखवावं इतकं महत्त्वाचं आहे. न्यायालयाच्या जप्तीतही घरातल्या माणसांचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण घेता येत नाही. धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने घेता येत नाहीत. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, गुरं आणि बियाणं घेता येत नाही. पगाराचाही ठरावीक हिस्साच जप्त होऊ शकतो. न्यायाधीशाच्या सहीनंही ज्याला हात लावता येत नाही, ते मोटारसायकलवरून आलेल्या माणसानं मागावं आणि घरानं काढून द्यावं, हे केवळ माहिती नसल्यामुळे घडतं. घर तारण असेल तर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला आधी 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि तिला लेखी हरकत घेता येते. शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे.

पतसंस्थेचं दार निराळं. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल चालत नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली येते. कलम 101 प्रमाणे निबंधकाकडून वसुली दाखला मिळवून संस्था जप्तीपर्यंत जाऊ शकते, आणि हा मार्ग वेगवान आहे. पण दाखला देण्याआधी कर्जदाराला आणि जामीनदाराला म्हणणं मांडायची संधी असते. ती नोटीस आली की जाऊन हिशेब मागायचाच. जामीनदारांनी हेही लक्षात ठेवावं, की 'फक्त सही दिली' असं काही नसतं. कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची असते. कर्जदार वारला तर वारसांचं देणं त्यांना वारशानं मिळालेल्या मालमत्तेपुरतंच असतं. जास्तीचं त्यांच्या स्वतःच्या कमाईतून मागता येत नाही. कर्जाबरोबर विमा उतरवलेला होता का, हे अशा घरानं सर्वांत आधी पाहावं. हप्त्यातून विम्याचे पैसे कापले गेलेले असतात आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो.

सावकारीचा कायदा महाराष्ट्रानं 2014 मध्ये नव्यानं केला. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा असून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही दर ठरवून दिलेले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के, विनातारण 12, इतरांना तारणावर 15, विनातारण 18. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के. असा दर सांगणारा माणूस, परवाना असो वा नसो, कायद्याबाहेर आहे. चक्रवाढ व्याज चालत नाही आणि व्याज मुदलापेक्षा जास्त घेता येत नाही. बेकायदा सावकारीत 15 वर्षांच्या आत जमीन गेली असेल तर ती परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. रायगडचं ते कार्यालय अलिबागला आहे. कोऱ्या मुद्रांकावर सही देऊन बसलेल्या अनेक घरांना ही तरतूद ऐकूनही माहीत नाही.

ॲपवाल्यांचा जाच वेगळ्याच तऱ्हेचा. फोनमधले सगळे नंबर खेचून घ्यायचे आणि फोटोत फेरफार करून नातेवाइकांना पाठवायचे. डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार ॲपला फोनमधली नंबरांची यादी, कॉलची नोंद किंवा फोटो पाहायचा अधिकारच नाही, आणि कर्ज देणारी बँक वा कंपनी कोण हे त्यानं सांगितलं पाहिजे. ते सांगत नसेल, फोटोची धमकी देत असेल, तर थेट 1930 वर सायबर पोलिसांना कळवायचं. एक पैसाही भरून त्यांना गप्प बसवू नये, कारण एकदा भरलं की मागणी वाढतेच.

तक्रार कशी करायची? साध्या कागदावर, मराठीत. दिनांक, वेळ, कोणत्या नंबरवरून फोन आला, काय शब्द वापरले, कोणासमोर. "मला फार त्रास दिला" यापेक्षा "मंगळवारी सकाळी 7.20 ला फोन करून माझ्या सासऱ्यांना सांगितलं की सून पळून जाणार" हे वाक्य वजनदार. अर्ज शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. संकेतस्थळावर नाहीतर चंदीगडच्या केंद्रात टपालानं तक्रार जाते, फी नाही, वकील लागत नाही. 14448 वर माहिती मिळते. बँक आणि बहुतेक मोठ्या फायनान्स कंपन्या त्यात येतात. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे: 2019 च्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यात, म्हणजे इथल्या लोकांना अलिबागला, दावा लावता येतो आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. धमकी, मारहाण, घरात घुसणं असेल तर आधी पोलीस ठाणं. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यासाठी महाड न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जावं किंवा 15100 वर फोन करावा. आणि तगाद्यानं जीव नकोसा झाला असेल तर 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. कर्जाला वाट काढता येते, त्यासाठी माणूस हयात असायला हवा.

या पट्ट्यात एक कारण पुन्हा पुन्हा येतं, ते पुराचं. 22 जुलै 2021 ला महाड बाजारपेठ पाण्याखाली गेली, तळिये गावावर दरड कोसळली आणि दुकानातल्या मालासकट कर्ज फेडायचं साधनच वाहून गेलं. अशा आपत्तीत कर्जाची फेररचना करण्यासाठी बँकांना रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत: हप्ते लांबवणं, पीककर्ज मुदतकर्जात बदलणं, काही काळ सवलत. पण ते कर्जदारानं वेळेत मागायचं असतं. पंचनाम्याची प्रत जोडून पहिला हप्ता थकायच्या आत अर्ज दिला, तर पुढचं बोलणं एजंटाशी न होता व्यवस्थापकाशी होतं. हप्ता जमत नसेल तेव्हा फोन बंद करून बसण्यापेक्षा एवढा एक अर्ज उपयोगी पडतो, पूर असो वा नसो.

फिटलेल्या कर्जाचाही पाठपुरावा करावा लागतो. रोख भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपायची. तडजोडीनं कमी रक्कम ठरली असेल तर पैसे देण्याआधी कंपनीचं पत्र घ्यायचं. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर हजारो रुपये भरून पुन्हा नोटीस आलेली माणसं महाडच्या न्यायालयाच्या आवारात भेटतात. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत घराचे मूळ कागद परत द्यावे लागतात आणि उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा 1 डिसेंबर 2023 पासूनचा नियम आहे. क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. त्यात चूक असेल आणि तक्रारीनंतर 30 दिवसांत ती दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये कर्जदाराला मिळतात. ते पैसे मागणारा अर्जही साध्या कागदावर मराठीत लिहिता येतो.